पाच किलो मोरचूद आणि एक जावई

जावयाला कोणी अडवत नाही, हा वऱ्हाडातल्या शेतीपुढचा एक जुना धोका आहे. माकडं आली तर फटाके फोडता येतात, रानडुकरं आली तर कुंपण घालता येतं. जावई आला तर पाट मांडावा लागतो. त्यातून तो अधिक महिन्यात, धोंड्याच्या जेवणाला रीतसर बोलावून आणलेला असला, आणि त्यातूनही शाळेत विज्ञान शिकवणारा असला, तर त्या शेताचं रक्षण देवच करो. हे मी अधिकाराने सांगतो, कारण तो जावई मीच आहे.

मी अकोल्याला एका हायस्कुलात नववी-दहावीला शिकवतो. सासुरवाडी मोर्शीकडची, संत्र्याच्या मुलखातली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. गावाबाहेर कोसभरावर त्यांची दोनशे झाडांची बाग आहे. मामाजी कमी बोलतात. सासूबाई तर माझ्याशी बोलतच नसत. राग नव्हता, त्यांच्या घरची रीत होती. जावयाला काय सांगायचं ते लेकीमार्फत सांगायचं! मी समोर ताटावर बसलेलो असायचो, आणि त्या भिंतीकडे पाहून म्हणायच्या, "रेखा, त्याहिले इचार, भाजी देऊ का?" रेखा, म्हणजे माझी बायको, मला विचारायची, "भाजी देऊ का म्हणते आई." मी रेखाला सांगायचो, "थोडीशी." मग "थोडीशी म्हणते" हा निरोप तीन फुटांवर परत जायचा. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आठही वर्षं आमचं बोलणं असं टपालानेच चाललं होतं.

त्या वर्षी जेठ अधिक आला होता. आम्ही अकोल्याहून अमरावती आणि अमरावतीहून मोर्शी असं भाजत भाजत सासुरवाडीला पोचलो. घरात माझ्यासाठी धोंड्याची तयारी चालली होती, पण मामाजींचं चित्त बागेत होतं. आदल्या वर्षी डिंक्या रोगाने चाळीस झाडं गेली होती. बुंध्याला डिंक सुटतो, साल फाटते, आणि पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. उरलेल्या एकशे साठांपैकी पंधराएक झाडांना आता डिंक दिसायला लागला होता. मृग लागायच्या आत मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण बुंध्यांवर फवारलं, तर बाग वाचणार होती. फवारणी करणारे किसनभाऊ आणि त्यांचा जोडीदार मात्र सगळ्या गावाला हवे होते. मामाजींच्या वाट्याला दुसरा, म्हणजे धोंड्याचाच, दिवस आला होता, आणि तो एकच.

संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन अंगणात आलो, तर मामाजी पाच किलो मोरचुदाचे निळे खडे गोणपाटात बांधत होते. शेजारी पाण्याने भरलेला मोठा प्लास्टिकचा ड्रम.

"मामाजी, हे काय करून राह्यले?"

"काही नाई. रातभर टांगून ठेवतो. सकाऊनपर्यंत इरघयते."

"रातभर? कायले?"

"ठंड्या पान्यात टाइम लागते नं बापा."

झालं. माझ्यातला मास्तर जागा झाला. तापमान वाढलं की पाण्यात मीठ-साखर-मोरचूद जास्त विरघळतं, हा धडा मी पंधरा वर्षं शिकवत आलो होतो. फळ्यावर आलेख काढायचा, खाली तापमान, उभ्या बाजूला विद्राव्यता, आणि डावीकडून उजवीकडे डौलात चढत जाणारी रेघ. ती रेघ मी इतकी सुंदर काढतो, की मागच्या बाकावरची पोरंही क्षणभर जागी होतात. आणि इथे माझे सख्खे सासरे त्या रेघेच्या तळाशी, थंड पाण्यात, रात्र काढायला निघाले होते.

"मामाजी, गरम पानी घ्या. दहा मिनटात काम होते. अन एवढा ड्रमभर पानीबी नाही लागत. आठ लिटरमंदी सारं बसते. तेवढंच बागेत न्यायचं, अन तिथं विहिरीवर पाहिजे तेवढं पानी टाकायचं. फुकट ओझं कायले वाहता?"

मामाजींनी गोणपाटाची गाठ अर्धी बांधली होती, ती तशीच धरून ठेवली. एकदा ड्रमकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे.

"तुमी म्हंता तसं," ते म्हणाले.

(सासुरवाडीकडे जावयाला "तुमी म्हंता तसं" म्हटलं की त्याचा अर्थ "हे चुकून राह्यलं" असा असतो. हे मला नंतर कळलं. आठ वर्षं मी त्याचा अर्थ "शाब्बास" असा घेत होतो.)

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून टपाल आलं. "रेखा, त्याहिले इचार, ते थंडं झाल्यावर काय करते म्हना?"

रेखाने विचारलं. मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. "आईले सांग, एकदा इरघयलं ते इरघयलं. ते काही घरी परत जात नाही."

सकाळी सहालाच मी अंघोळीचा बंब पेटवला. रटरटतं आठ लिटर पाणी एका बादलीत काढलं, मोरचूद बारीक कुटून घेतलं आणि बांबूने ढवळायला लागलो. भराभर विरघळलं. निळं, गर्द, मोराच्या मानेसारखं. किसनभाऊ आणि त्यांचा जोडीदार येऊन उभे राहिले होते. दोन शेजारीही कंपाउंडावरून पाहत होते. मी कमरेवर हात ठेवून म्हणालो, "किती मिनटं लागली?"

"पानी कमी नाई वाटून राह्यलं का, मास्तर?" किसनभाऊ म्हणाले.

"किसनभाऊ, हे विज्ञान आहे."

"हाव का," ते म्हणाले.

आता हे द्रावण बागेत न्यायचं कसं? बादली हिंदकळते. म्हणून मी आणखी एक शोध लावला. वाफ जरा ओसरल्यावर ते सरळ फवारणीच्या दोन पंपांतच ओतलं, प्रत्येकात निम्मं. टाकी भरली की पंप पाठीवर घेऊन चालू लागायचं. सांडायची भीती नाही! पंप चालतात की नाही हे दाखवायला मी दांडा दोनदा हापसलासुद्धा, म्हणजे नळी आणि तोंडावरची चकतीही आतून निळी झाली. एकही कोपरा मी सोडला नाही.

मामाजींचा बेत सातला निघून दुपारच्या आत फवारणी उरकायचा होता. पण बंबातलं पाणी मोरचुदाने पळवलं होतं, त्यामुळे जावयाच्या अंघोळीला पाणी राहिलं नव्हतं. अधिक महिन्यात जावयाची अंघोळ झाल्याशिवाय त्याला ओवाळता येत नाही. ओवाळल्याशिवाय धोंडे वाढता येत नाहीत. आणि जावई जेवल्याशिवाय त्या घरात कोणीही जेवत नाही, किसनभाऊ धरून. बंब पुन्हा भरला, पुन्हा तापला. मी अंघोळ केली, पाटावर बसलो, कुंकू लावून घेतलं, नवा पांढराशुभ्र सदरा-पायजमा घेतला, तेहतीस अनारशांचं ताट घेतलं आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाल्ले. किती खाल्ले ते रेखाला माहीत आहे आणि ती अजून सांगते. त्यानंतर माणूस बागेत जाऊ शकत नाही. माणूस आडवा होतो.

तोवर ऊन डोक्यावर आलं होतं आणि तशा उन्हात फवारणी होत नाही, म्हणून काम उतरत्या उन्हावर गेलं. मी आडवा होण्यापूर्वी मामाजी म्हणाले, "जवायाचं औषध उनात नको राह्याले." त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही पंप उचलून ओसरीवर नेले आणि कूलरच्या पुढ्यात ठेवले. तो कूलर म्हणजे लोखंडी कपाट होता. गवताच्या ओल्या ताट्यांमधून असा वारा सोडायचा, की जूनमध्ये अंगावर चादर घ्यावी लागे. मी आतल्या खोलीत झोपलो. पंप बाहेर गारव्यात उभे राहिले. चार तास.

साडेतीनला मला किसनभाऊंच्या आवाजाने जाग आली.

"भाऊ, दांडा हालून नाई राह्यला."

मी डोळे चोळत ओसरीवर गेलो. किसनभाऊंनी टाकीचं झाकण काढलं, आत पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, हे तं घरी परत आलं," ते म्हणाले. माझं कालचं वाक्य टपालाने त्यांच्यापर्यंतही पोचलं होतं.

टाकीच्या तळाशी निळ्या खड्यांचा थर धरला होता. धारदार, पैलूदार, एकात एक रोवलेले, काही सुपारीएवढे. दांड्याला खडे, जाळीला खडे. नळीच्या तोंडातून एक लहानसा निळा दात बाहेर डोकावत होता. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो "काय सुंदर स्फटिक!" हा. शाळेत पंधरा वर्षं धडपडूनही मला काचपात्रात असे कधी मिळाले नव्हते. दुसरा विचार मामाजींच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर आला.

ते ओसरीच्या कडेला बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि बागेच्या दिशेला पाहत राहिले.

"किसन, उद्या जमन का?"

"उद्या खालच्या वाडीतल्या एकाकडं जा लागते भाऊ. परवा त्याहिच्याच भावाकडं. मंग मिरगच लागते."

मामाजींनी मान हलवली. मला वाटलं, आता एक शिवी द्यावी त्यांनी. निदान "मास्तर" तरी म्हणावं. पण त्यांनी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर घातली, एवढंच.

आता माझ्याच रेघेने मला गाठलं होतं. रेघ डावीकडून उजवीकडे चढते, हे मी पंधरा वर्षं शिकवलं. पण तीच रेघ उजवीकडून डावीकडे उतरतेसुद्धा! पाणी गार झालं की त्याच्यात तेवढं मावत नाही, आणि जे मावत नाही ते बाहेर येऊन बसतं. मला ठाऊक होतं हो. फक्त कधी सासुरवाडीला गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

घाबरलेला मास्तर जे करतो तेच मी केलं. मी प्रयोग सुरू केला. छत्रीची काडी नळीत घातली. ती आत गेली आणि बाहेर आली नाही. पंप उलटा करून तळावर थापट्या मारल्या. निळं पाणी नव्या पायजम्यावर आलं. मग घाईघाईने माठातलं गार पाणी ओतलं. (हो, गार. त्या क्षणी डोकं तेवढंच चालत होतं.) खडे जागचे हलले नाहीत. रेखा दारात उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नात पाहिलेलं नव्हतं.

"जवाईबापू, सरका."

मी सरकलो, आणि मग दचकलो. आवाज सासूबाईंचा होता. भिंतीकडे पाहून नव्हता, रेखामार्फत नव्हता. आठ वर्षांत माझ्याशी बोललेले ते पहिले दोन शब्द होते.

डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला आणि पंपापाशी बसल्या. "घरचा मध हिवाळ्यात थिजला तं तुमी काय करता? काडी घालता का शिशीत?"

"नाही."

"मंग काय करता?"

"गरम पाण्यात ठेवतो."

"मंग ठेवा नं." आणि आत जाता जाता म्हणाल्या, "अन आता पानी नोका कंजूशीनं घेऊ. खच्चून भरलं तं थंडं झाल्यावर बसन कुठं ते? रातीच इचारलं होतं म्या."

बंब तिसऱ्यांदा पेटला. मी, रेखा आणि किसनभाऊ कामाला लागलो. नळ्या गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवल्या, टाक्यांत कढत पाणी ओतून घोळवलं. हळूहळू खडे सुटले, दांडा सैल झाला, नळीतून छत्रीची काडी बाहेर पडली. निघालेलं निळं पाणी मामाजींनी कालच्या त्या मोठ्या ड्रममध्ये ओतायला सांगितलं. तो ड्रम रात्रीपासून काठोकाठ भरलेलाच होता. "तुमी म्हंता तसं" म्हणूनही त्यांनी तो रिकामा केला नव्हता. त्यातलं दोन बादल्या पाणी त्यांनी आता शांतपणे काढून टाकलं, निळ्यासाठी जागा केली. एवढ्या पाण्यात गेल्यावर मात्र मोरचूद परत यायचं नाव घेईना. बैलबंडी जुंपली, ड्रम चढवला. चुना विहिरीपाशी भिजवून ठेवलेलाच होता.

बागेत पोचायला पाच वाजले. शेजाऱ्याचा एक पंप मागून आणला होता. तो मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून पाठीवर घेतला. मामाजी नको नको म्हणत राहिले. धोंड्याच्या जावयाच्या पाठीवर पंप दिलेला गावाने कधी पाहिला नव्हता. पण मी ऐकलं नाही, आणि त्या दिवशी माझा हट्ट पहिल्यांदाच शेताच्या उपयोगाचा होता. झाडाझाडाशी वाकत, बुंधा भिजवत, किसनभाऊ, त्यांचा जोडीदार आणि मी अशा तिघांनी दिवस बुडायला शेवटची ओळ गाठली. नवा सदरा निळा झाला होता, निळा पायजमा चुन्याने पुन्हा पांढरा झाला होता. परतताना पारावरच्या एकाने मामाजींना विचारलं, "काहून हो, जवायाले असं काहून केलं?"

"कूलरनं घोटाया केला," मामाजी म्हणाले.

एवढंच. आजपर्यंत त्यांनी गावात कोणालाही यापेक्षा जास्त सांगितलेलं नाही. सगळा दोष कूलरवर घातला आणि कूलरने तो निमूट घेतला. त्या वर्षी आणखी तीन झाडं गेली. बाकीची राहिली, आणि पुढच्या बहाराला त्यांची फळं पोतं भरून आमच्या अकोल्याच्या घरी आली. मी ज्या माणसाची बाग बुडवायला निघालो होतो, त्याने मला एका शब्दाने दुखवलं नाही, वर संत्री पाठवली. एवढं मोठं मन मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. मी त्यांचा ऋणी आहे, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो.

सासूबाईंचाही ऋणी आहे. त्या दिवसापासून त्या माझ्याशी थेट बोलतात. आठ वर्षं टपालखात्याने माझं किती संरक्षण केलं, हे मला तेव्हापासून कळायला लागलं.

आणि शाळेत आता मी आलेख दोन्ही बाजूंनी शिकवतो. रेघ चढवून झाली की खडू तिथेच न ठेवता परत उतरवतो आणि पोरांना विचारतो, "थंड झाल्यावर काय होते?" हा प्रश्न सासूबाईंचा आहे. मी तो वर्गात माझा म्हणून खपवतो.

एक गोष्ट राहिली. एका टाकीच्या तळाशी खड्यांचा एक गड्डा उरला होता, बरोबर संत्र्याएवढा. तो मामाजींनी लोणच्याच्या काचेच्या बरणीत घातला, झाकण घट्ट लावलं आणि समोरच्या खोलीत शोकेसमध्ये सगळ्यांत वर, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवला. मी त्यावर चिठ्ठी चिकटवली, "विष आहे". मामाजींनी चिठ्ठी वाचली, मान डोलावली. आल्यागेल्याने विचारलं तर ते म्हणतात, "आमच्या जवायाचं पीक. एकच फय आलं, पन पाहा, अजून टिकून हाय."

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या मेहुणीचं, सुषमाचं, लग्न झालं. तिचा नवरा पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. हुशार पोरगा. पहिल्यांदा बाग पाहून आल्यावर ओसरीवर चहा घेताना तो म्हणाला, "बाबा, शेणखत सहा-सहा महिने कुजवत कशाला ठेवता? ताजंच टाका ना झाडांना. वेळ वाचेल."

मामाजींनी एकदा उकिरड्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे.

"तुमी म्हंता तसं," ते म्हणाले.

हातातली बशी खाली ठेवली. मी उठलो, शोकेस उघडलं, बरणी काढली आणि नव्या जावयाच्या चहाशेजारी ठेवली.

"हे काय आहे, दादा?"

"माझं पीक," मी म्हणालो, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. कूलरवर काहीही न घालता.

पोराने बरणी फिरवून चिठ्ठी वाचली. मग आत तोंड करून विचारलं, "आई, शेणखताचं काय करू?"

आतून आवाज आला, "सुषमा, त्याहिले सांग, च्या थंडा होऊन राह्यला."

मामाजींनी स्वतःच्या कपातला अर्धा चहा माझ्या बशीत ओतला आणि हळूच म्हणाले, "मास्तर, आज शिकवलं बापा तुमी." आठ वर्षं आणि त्यापुढची जी काय झाली ती वर्षं धरून, माझ्या विज्ञानाचा त्या शेताला झालेला हा पहिला फायदा. ताज्या शेणाने जळणारी मुळं वाचली.